कोड ९८

पुण्यात शनिवार पेठेतल्या एका वाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आजींनी एकदा मला दहापैकी दहा मार्क दिले होते. कागदोपत्री ते कपड्यांच्या पावडरीला होते.

गोष्ट २००३ सालची. मी तेव्हा एम.ए. करत होते आणि खोलीचं भाडं सुटावं म्हणून एका सर्व्हे कंपनीत 'फॉर्ममागे पैसे' या बोलीवर फिरत होते. त्या महिन्यात 'प्लेसमेंट' चालू होती. घरी एक बिननावाचं पांढरं पाकीट द्यायचं, त्यावर फक्त एक अक्षर आणि तीन आकडे. आठ दिवसांनी परत जायचं आणि विचारायचं, कशी वाटली? फेस, वास, डाग, हाताची आग, एकूण मत. आजी सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी विचारत गेले, त्या मान न उचलता 'दहा' म्हणत गेल्या. वासाला दहा, फेसाला दहा. शेवटच्या पानावर आले आणि माझं लक्ष फडताळाकडे गेलं. पाकीट तिथंच होतं, तोंडसुद्धा न कापलेलं.

"आजी, हे फोडलंच नाहीत की!"

"अगं, धुणं सूनबाई करते. तिच्या मशीनला तिची ती वेगळी पावडर लागते."

"मग दहा कशाला दिलेत?"

आजींनी एक खडा वेचला आणि खिडकीबाहेर टाकला. "उन्हाची दोनदा जिना चढून आलीस. तुला काय सहा द्यायचे?"

नियमाने तो फॉर्म रद्द करायला हवा होता. मी तो जमा केला. कुठल्या तरी टक्केवारीत आजींचा तो दहा अजून बसलेला असेल.

पुढे मी याच धंद्यात राहिले. फॉर्म भरणारी, मग फॉर्म तपासणारी, मग फॉर्म लिहिणारी, आणि आता टेबलं वाचून 'ग्राहकाला काय वाटतं' हे मोठ्या पडद्यावर दाखवणारी. लग्नाकार्यात माणसं बाजूला घेऊन विचारतात, "तुम्हाला आतलं कळत असेल ना, कोण येणार?" मला आतलं काहीही कळत नाही. मला कळतं ते एवढंच, की कुणी दार उघडलं, कुणी उघडलं नाही, आणि उघडल्यावर समोर कोण उभं आहे हे बघून माणूस काय बोलला. मत म्हणून जी वस्तू आपण छापतो, ती पुष्कळदा त्या उंबऱ्यावरच जन्माला येते. आम्ही विचारलं नसतं तर ती नसतीच.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो, आणि नमुना पाहणीचं सगळं शास्त्र त्या तीन शब्दांत आहे. देगची केवढीही असो, भात नीट ढवळलेला असेल तर चार शितं पुरतात. हजार माणसं नीट निवडली तर तीन टक्क्यांच्या आसपासच्या फरकाने लाखाचा आणि कोटीचा अंदाज सारखाच लागतो, हे ऐकून आजही लोकांचा विश्वास बसत नाही. पण शीत चिमटीत धरल्यावर ते आपल्या तोंडाकडे बघत नाही. 'बाईला भूक लागलेली दिसते, शिजलो म्हणून सांगूया,' असा विचार ते करत नाही. ज्या सातारा जिल्ह्यात मी पहिला निवडणुकीचा सर्व्हे केला, त्याच जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९४०च्या दशकात त्यांनी पिकांचा अंदाज काढायला नमुना पद्धत बसवली. शेत निवडायचं ते यदृच्छेने, त्यातला ठरावीक तुकडा कापायचा, मळायचा, तोलायचा. ज्वारीने तराजूला खूश करण्याचा प्रश्नच नव्हता. मला त्यांचा हेवा वाटतो.

आमच्या तराजूची सुरुवातच अवघड. फॉर्मच्या पहिल्या पानावर घराची पायरी ठरवायची असते. तेव्हा शहरात ए-वन पासून ई-टू पर्यंत आठ पायऱ्या होत्या आणि त्या दोनच गोष्टींवर ठरत: घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि त्याचा व्यवसाय. पर्वती पायथ्याच्या वस्तीत एका बाईंना मी विचारलं, "घरात मुख्य कमावतं कोण?"

"हे की."

'हे' आतल्या पलंगावर झोपले होते. दुपारचे दोन वाजले होते.

"काय करतात?"

"वर्कशॉपला होते. बंद पडलं ते."

"कधी?"

"झाली की दोन वर्सं."

"मग घर?"

"मी जाते ना सहकारनगरला. पाच घरची कामं आहेत."

"म्हणजे मुख्य कमावत्या तुम्हीच."

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी काही भलतंच बोलले. मग आत एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तसलं लिहू नका. ह्यांचंच लिहा."

मी ह्यांचंच लिहिलं. आयटीआय, कुशल कामगार. घर एका झटक्यात पायऱ्या चढून वर गेलं, आणि तिथे बसून त्या बाईंनी शांपूच्या पुडीबद्दल जे काही सांगितलं, ते एका वेगळ्याच वर्गाचं मत म्हणून मोजलं गेलं. २०११ला ही पद्धत बदलली. मुख्य कमावत्याचं शिक्षण राहिलं, व्यवसाय गेला, आणि त्याच्या जागी अकरा गोष्टींची यादी आली: वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, मोटार, एसी आणि शेतजमीन. वस्तू निदान डोळ्यांना दिसतात, असं आम्हाला वाटलं. मग पहिल्याच आठवड्यात फील्डवरून फोन आला, "मॅडम, 'जमीन आहे पण भावकीत अडकलीय' याला हो लिहू की नाही?" मी अर्धा मिनिट गप्प राहिले आणि म्हणाले, "त्यांना काय वाटतं ते लिही." हेही उत्तर काही धड नव्हतं.

दहापैकी मार्कांचंही असंच. कंपन्यांना एक प्रश्न फार आवडतो: 'आमचं उत्पादन तुम्ही मित्रमंडळींना सुचवण्याची शक्यता ० ते १० मध्ये किती?' नऊ-दहा म्हणणारे तुमचे भक्त, सात-आठ तटस्थ, आणि शून्यापासून सहापर्यंतचे सगळे तुमची निंदा करणारे. अमेरिकेत २००३च्या सुमारास निघालेली ही रीत. आता, जो माणूस ३५ टक्क्यांना पास होतो त्या व्यवस्थेत वाढलाय, तो सहा देतो तेव्हा तो फर्स्ट क्लास देत असतो. आमच्या कोष्टकात त्याची नोंद निंदक म्हणून होते. आणि ज्याला खरोखर काही आवडलेलं नसतं तो आजींसारखा दहा देऊन मोकळा होतो, कारण घरी आलेल्याला नापास कसं करायचं? सगळ्यांत खरं बोलणारा माणूस या मोजपट्टीवर सगळ्यांत नाराज दिसतो, हे मी एका मीटिंगमध्ये सांगितलं. सगळे हसले आणि पुढची स्लाइड आली.

टीव्हीवर कोण काय बघतं हे मोजायचं यंत्र तर प्रश्नच विचारत नाही. पण त्यालाही घरातल्या प्रत्येकाने आपापलं बटण दाबावं लागतं. कोण बसलंय टीव्हीसमोर, ते यंत्राला दुसऱ्या कुठून कळणार? आजोबा उठून गेले तरी त्यांचं बटण मालिका बघत राहतं. देशभरातल्या चाळीसेक हजार घरांवर जाहिरातींचा केवढा पैसा अवलंबून असतो हे २०२०च्या ऑक्टोबरात मुंबईच्या टीआरपी प्रकरणाने, म्हणजे पैसे देऊन ही रेटिंग फुगवल्याच्या आरोपाने, सगळ्यांना कळलं. वृत्तवाहिन्यांची रेटिंग त्यानंतर बंद झाली ती २०२२च्या मार्चमध्येच परत सुरू झाली. त्या मधल्या काळात वाहिन्यांचा आवाज काही कमी झाला नाही, हे मात्र मी मुद्दाम लक्ष ठेवून पाहिलं.

पण मला सांगायचंय ते कोड ९८ बद्दल.

आमच्या प्रत्येक प्रश्नाखाली, सगळ्या पर्यायांच्या तळाशी, दोन आकडे असतात. ९८: सांगता येत नाही. ९९: उत्तर दिलं नाही. हे पर्याय वाचून दाखवायचे नाहीत, अशी सक्त सूचना असते. माणूस स्वतःहून म्हणाला तरच गोल करायचा. आणि फार गोल झाले की सुपरवायझर बोलावून घेतो: "पोरी, तू नीट विचारत नाहीस. जरा खोदून विचार." खोदून विचारणं म्हणजे काय, तर 'तरीपण, साधारण?' असं म्हणत राहणं. तीनदा 'तरीपण, साधारण?' म्हटलं की माणसाचं मत तयार होतं.

एप्रिल २००४. लोकसभेची निवडणूक. सरकारी 'भारत उदय'च्या, म्हणजे 'इंडिया शायनिंग'च्या, जाहिराती अजून लोकांच्या डोळ्यांसमोर ताज्या. मी खटाव तालुक्यातल्या एका गावात, हातात मतदारयादीतून आधीच निवडून दिलेली नावं. या सर्व्हेत हव्या त्या माणसाशी बोलता येत नसे. यादीतल्या त्याच बाईशी बोलायचं, शेजारणीशी नाही, नवऱ्याशी नाही. ती रानात गेली असेल तर संध्याकाळी परत यायचं. मागच्या वर्षीच्या दुष्काळाने रानात कामही फारसं नव्हतं, त्यामुळे बाई घरातच सापडली.

ओट्यावर मालक बसले होते. "तिला काय कळतंय? मला इचारा."

"मामा, यादीत नाव ताईंचं आहे."

"मग तिच्या वतीनं मी सांगतो की."

ती दारातून म्हणाली, "मालकास्नीच इचारा."

शेवटी मी पाणी मागायच्या निमित्ताने आत गेले आणि चुलीपाशी बसून फॉर्म काढला. प्रश्न असा होता: 'गेल्या पाच वर्षांत देशाची आर्थिक परिस्थिती सुधारली, बिघडली, की होती तशीच आहे?' ही मराठी आमच्या ऑफिसातली. तिने ती दोनदा ऐकून घेतली.

"टँकर आठ दिसानं येतुया," ती म्हणाली.

"ते झालं ताई, पण देशाची परिस्थिती?"

"मी सांगितलं की. आठ दिसानं. आनि त्यो बी वरच्या आळीत रिकामा हुतो."

मी ९८ला गोल केला.

मला तो गोल आजही दिसतो, निळ्या बॉलपेनचा, जरा घाईत ओढलेला. तिने उत्तर दिलं होतं. माझ्या कागदावर त्याला रकाना नव्हता, आणि दिवस मावळायच्या आत मला अजून दोन घरं करायची होती.

मग मतपत्रिका. तोंडाने मत सांगायला माणूस कचरतो, म्हणून खोटी मतपत्रिका द्यायची, त्यावर चिन्हं. तिने खूण करायची, घडी घालायची आणि आमच्या पत्र्याच्या पेटीत टाकायची. आम्ही तोंड फिरवून उभं राहायचं. तिला बराच वेळ लागला. घडीवर घडी घालून, सुपारीएवढं करून तिने ते पेटीत सोडलं. रात्री साताऱ्यात लॉजवर पेटी उघडली तेव्हा ती सुपारी मी ओळखली. तिने सगळ्या चिन्हांवर खुणा केल्या होत्या. एकही सोडलं नव्हतं. अगदी ज्या अपक्षाचं नाव आम्हालाही धड माहीत नव्हतं त्यालाही. शनिवार पेठेतल्या आजी मला तेव्हा आठवल्या. कुणाला कशाला नाराज करायचं?

१३ मे रोजी निकाल लागला. जवळजवळ सगळ्या चाचण्यांनी वाजपेयींची आघाडीच पुढे राहणार म्हणून सांगितलं होतं. काँग्रेस १४५, भाजप १३८. लगेच लेख सुरू झाले, 'चकाकणारा भारत' कसा खेड्यात पोचलाच नाही, तहानलेल्या गावांनी कसा धडा शिकवला. मला क्षणभर वाटलं, माझी चुलीपाशी बसलेली बाई देशाला आधीच कळली होती आणि मी तिला ९८मध्ये कोंबलं. पण तेही तितकं सरळ नाही. त्याच निवडणुकीत महाराष्ट्रात भाजप-शिवसेना युतीला २५ जागा मिळाल्या, निम्म्याहून जास्त. निकाल लागल्यावर सगळ्यांना कारण कळतं. ९८ला हवं ते भाषांतर चिकटवता येतं, हाच त्याचा धोका.

आता एक कबुली. त्याच वर्षी, पावसाळ्यात, मी तीन फॉर्म स्वारगेटजवळच्या एका अमृततुल्यात बसून भरले. चहाच्या बाबतीत होता तो सर्व्हे, त्यामुळे जागा तरी योग्य होती. बाहेर धो धो पाऊस, त्या दिवशीचा कोटा अपुरा. मी तीन बायका निर्माण केल्या. एक बिबवेवाडीची, एक कात्रजची, एक पद्मावतीची. त्यांना नवरे दिले, शिक्षण दिलं, एकीला सासू दिली. मग त्यांनी उत्तरं दिली. काय सफाईदार उत्तरं! एकीला रंग महत्त्वाचा वाटला, दुसरीला सुगंध, तिसरीला किंमत. जाहिरात आठवते का, तर आठवते. कुठे पाहिली, तर टीव्हीवर. आवडली का, तर काहीशी आवडली.

स्क्रुटिनीला, म्हणजे भरून आलेले फॉर्म तपासायला, एक बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. फॉर्म चाळता चाळता त्या थांबल्या. मला बोलावलं. तिन्ही फॉर्म टेबलावर पसरले.

"तुझ्या या बायका फार हुशार आहेत गं."

मी गप्प.

"एकीलाही एकदाही 'सांगता येत नाही' झालं नाही. चाळीस प्रश्न. माझ्या नवऱ्याला साधं जेवायला काय करू विचारलं तरी तो सांगता येत नाही म्हणतो."

तीन फॉर्मचे पैसे कापले गेले. पण त्यांनी त्या दिवशी मला जे शिकवलं त्यावर माझी पुढची नोकरी चालली. खरा फॉर्म खडबडीत असतो. त्यात माणूस मध्येच उठून दूध उतू गेलं का बघायला जातो. तिसऱ्या प्रश्नाला सांगितलेलं नवव्या प्रश्नाला फिरवतो. काही प्रश्नांना त्याचं काही म्हणणं नसतंच, आणि ते नसण्यात त्याला काही कमीपणाही वाटत नाही. गुळगुळीत फॉर्म आला की मी आजही त्याचा बॅक-चेक, म्हणजे त्या माणसाकडे पुन्हा खातरजमा, आधी लावते.

याच डोळ्यांनी मी १ जून २०२४ची ती शनिवारची संध्याकाळ पाहिली. शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवायला कायद्याने बंदी आहे, म्हणून साडेसहाला सगळ्या वाहिन्यांवर एकदम धबधबा कोसळला. लोकसभेत भाजपच्या रालोआ आघाडीला ३५०, ३६०, ३८० जागा. सगळ्यांचा कल एकाच बाजूला. एका चाचणीने तर ३६१ ते ४०१. मला आकड्यांपेक्षा त्यांच्या गुळगुळीतपणाने बेचैन केलं. एवढा मोठा देश, एवढी भांडणं, आणि कुठल्याच फॉर्मवर खाडाखोड नाही? सोमवारी सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला. मंगळवारी मतमोजणीच्या दिवशी तो चार हजारांहून जास्त कोसळला. रालोआ २९३, भाजप २४०. ३६१ ते ४०१ सांगणाऱ्या चाचणीचे प्रमुख प्रदीप गुप्ता टीव्हीच्या पडद्यावर रडले. लोकांनी त्यांच्या रडण्याचे विनोद केले. मला ते जमलं नाही. अगदी नीट काम करूनही तराजू असा खाली आपटू शकतो, हे मला माहीत आहे. ज्याला बोलायची भीती वाटते तो बूथबाहेर उभ्या असलेल्या टॅबवाल्या पोराला एकतर टाळतो किंवा मोठ्या पक्षाचं नाव सांगून सुटतो. किती जण टाळून गेले हे पडद्यावर कधीच येत नाही.

शिवाय आपल्याकडे मतांवरून जागा काढणं हा वेगळाच जुगार आहे. त्याच निवडणुकीत महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत जेमतेम एका टक्क्याचं अंतर होतं. जागा? ३० आणि १७, आणि सांगलीत एक अपक्ष. एक टक्का आमच्या कुठल्याही नमुन्याच्या चुकीत बुडून जातो. साडेपाच महिन्यांनी विधानसभेला चित्र उलटं, महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना मिळून २३० जागा. युती पुढे राहील असं बऱ्याच चाचण्या म्हणत होत्या, पण एवढी? मध्ये हरियाणात तर सगळ्यांनी काँग्रेसला बसवलं होतं आणि भाजपने ९० पैकी ४८ घेतल्या. विधानसभेच्या आधी 'लाडकी बहीण'चे दीड हजार खात्यात पडायला लागले होते. त्या काळात फील्डवरच्या मुली सांगत, बायका आता स्वतः पुढे येऊन बोलतात. मला पर्वती पायथ्याच्या त्या बाई आठवत. आता त्यांना मुख्य कमावतं कोण असं विचारलं असतं तर? तरी त्यांनी ह्यांचंच नाव सांगितलं असतं असं मला वाटतं. खातं मात्र त्यांच्या नावावर असतं.

आणि ऑनलाइन? तिथे तर दार वाजवायचंच नाही. ज्याला यायचंय तो आपणहून येतो. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या आणि मोटारींच्या नोंदी यांतून पत्ते काढून. तेवीस-चोवीस लाख परत आल्या.  त्यांनी सांगितलं लँडन जिंकणार. रुझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. आपण शिकतो ते असं, की त्यांनी फोन आणि मोटारवाल्या श्रीमंतांनाच विचारलं. ते खरंच, पण दुसरी अर्धी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांचा रुझवेल्टवर राग होता, त्यांनी कागद भरून परत पाठवायची तसदी जास्त घेतली. रागाला तसदी परवडते.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या वर्षी कबुतरांवरून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. सेक्रेटरींनी पोल टाकला: 'कबुतरांना दाणे घालण्यावर बंदी घालावी का?' ९६ फ्लॅट, मतं ३१. बहुमत म्हणालं, बंदी नको. तीन दिवसांनी सी-विंगच्या एका काकांनी, ज्यांच्या एसीच्या युनिटवर कबुतरांनी संसार थाटला होता, दुसरा पोल टाकला: 'सोसायटीत कबुतरांना दाणे घालायची परवानगी द्यावी का?' बहुमत म्हणालं, परवानगी नको. तीच माणसं, बरीचशी. 'बंदी' शब्दाला माणूस दचकतो आणि 'परवानगी' देताना हात आखडतो. १९४०च्या सुमारास अमेरिकेतल्या लोकांना लोकशाहीविरोधी भाषणांबद्दल असेच दोन्ही तऱ्हांनी प्रश्न विचारून पाहिले होते आणि उत्तरांत मोठी तफावत आली होती. मी हे ग्रुपवर लिहायला घेतलं. मग पुसलं. दोन्ही बाजूंनी फक्त मलाच धरलं असतं. त्या पासष्ट फ्लॅटांत, ज्यांनी कशावरच बोट ठेवलं नाही, मीही होते.

पूर्वी वर्तमानपत्रांत रोज एक प्रश्न असायचा, आणि खाली तीन चौकटी: होय, नाही, सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या चौकटीतही दोन-चार टक्के छापून यायचे. मी तेव्हा विचार करायचे, एसएमएसचे पैसे खर्च करून 'सांगता येत नाही' असं कळवणारी ही माणसं कोण असतील? आता वाटतं, फार सभ्य माणसं होती ती. हल्लीच्या पोलमध्ये ती चौकट दिसत नाही. कमेंटमध्ये तर नाहीच नाही. मला कळत नाही, असं लिहायला कुणी कमेंट उघडत नाही. म्हणून तिथलं जग पाहिलं की मला अमृततुल्यात बसून भरलेले फॉर्म आठवतात. सगळ्यांना सगळ्यावर मत, चाळीसच्या चाळीस प्रश्नांना. आणि आता तर आमच्याच धंद्यात 'सिंथेटिक रिस्पॉन्डंट' आलेत. माणसांना विचारायचंच नाही. संगणकालाच सांगायचं, तू बत्तीस वर्षांची, कोल्हापूरची, दोन मुलांची आई आहेस, आता सांग हा चहा कसा वाटला. ती सांगते. रंग, सुगंध, किंमत, सगळं अस्खलित. एका सादरीकरणात एका तरुण सहकाऱ्याने मोठ्या अभिमानाने दाखवलं, यात गाळलेलं एकही उत्तर नाही. मला स्क्रुटिनीच्या त्या चष्म्यावाल्या बाई समोर दिसल्या. तुझ्या या बायका फार हुशार आहेत गं.

गेल्या महिन्यात दुपारी बेल वाजली. दारात एक मुलगी, पाठीला सॅक, हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. कपाळावर घाम. बिस्किटांचा सर्व्हे. मला इतका आनंद झाला की मी तिला आत बोलवत होते, पण ती उंबऱ्यावरच उभी राहून वाचायला लागली, "आपल्या घरातील कोणी व्यक्ती जाहिरात, पत्रकारिता किंवा मार्केट रिसर्च या क्षेत्रात काम करते का?"

हा प्रश्न कित्येक फॉर्मवर मी स्वतः घातलाय. हो म्हटलं की मुलाखत तिथेच संपते.

"हो," म्हणायला मी तोंड उघडलं, तर तिने टॅबच्या कडेला, जिथे माइक असतो तिथे, अंगठा दाबून धरला आणि मान हलवून मला खुणेने सांगितलं: नाही म्हणा. हल्ली मुलाखतीचा आवाज रेकॉर्ड होतो. पाऊस असो, ऊन असो, अमृततुल्यात बसायची सोय राहिलेली नाही.

आम्ही दोघी दोन-तीन सेकंद तशाच उभ्या.

"हो," मी म्हणाले. "मीच करते."

तिने अंगठा काढला. "धन्यवाद मॅडम, आपला वेळ दिल्याबद्दल." मग टॅब खाली केला आणि साध्या आवाजात म्हणाली, "पाणी देता का ताई?"

मी पाणी आणलं, एक लाडू दिला. तिने तो जिन्याच्या पायरीवर बसून खाल्ला. सकाळपासून चार झाले होते, आठ करायचे होते. लोक दारच उघडत नाहीत, म्हणाली. आतूनच ओरडतात, लिंक पाठवा.

"शेजारी कोण असतं?" तिने ग्लास परत देत विचारलं.

"आजी आहेत. पण त्यांना कमी ऐकू येतं."

तिने सॅक पाठीला लावली, ओढणी सारखी केली.

"चालेल," म्हणाली. "आजी बोलतात."